गोधडीची सावड

घरात काही वस्तू अशा असतात, की त्या कोणत्या दुकानातून आणल्या असे कोणी विचारीत नाही. कारण त्या विकत आणलेल्याच नसतात. गोधडी ही अशा वस्तूंपैकी एक होय. महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत असे घर क्वचितच सापडेल, की जेथे कोनाड्यात, माळ्यावर किंवा उतरंडीशेजारी गोधड्यांची चळत रचून ठेवलेली नसे. पाहुणा आला की त्या चळतीतली वरची, त्यातल्या त्यात नवी, गोधडी त्याच्यासाठी निघे. घरातील मुले मात्र जुन्या, मऊ गोधडीसाठीच आपसांत भांडत.

गोधडीला ठिकठिकाणी निरनिराळी नावे आहेत. कोठे तिला वाकळ म्हणतात. कर्नाटकाच्या बाजूला तिलाच कौदी म्हणतात. तान्ह्या बाळासाठी केलेल्या छोट्या, पातळ गोधडीला दुपटे असे नाव आहे. पुष्कळदा घोंगडी आणि गोधडी ह्यांची गल्लत होते, पण त्या दोन्ही अगदी वेगळ्या वस्तू आहेत. घोंगडी मेंढीच्या लोकरीची असते आणि ती मागावर विणली जाते. रजईत पिंजलेला कापूस भरलेला असतो. गोधडीत मात्र ना लोकर असते, ना कापूस. तिच्या पोटात असते ते केवळ जुने कापड; एकावर एक पसरलेले आणि हातांनी टाके घालून एकजीव केलेले.

जुने कापड घेण्याचे पहिले कारण अर्थातच काटकसर हे होय. ज्या घरात वर्षाला दोन लुगडी घेणेही जड जाई, त्या घरात फाटलेले लुगडे टाकून देण्याचा विचारही कोणाच्या मनाला शिवत नसे. परंतु काटकसर हेच एक कारण मानले, तर त्या स्त्रियांच्या जाणतेपणावर अन्याय होईल. नव्या सुती कापडाला खळ असते; ते ताठ असते आणि अंगाला बोचते. तेच कापड पाच-सात वर्षे धुतले, पिळले आणि उन्हात वाळवले, म्हणजे त्याचा धागा मऊ होतो. म्हणून तर नवजात बाळाला नव्या कापडात न गुंडाळता आजोबांच्या विरलेल्या धोतराच्या दुपट्यात गुंडाळण्याची रीत होती. बाळंतविड्यात झबली, टोपडी आणि कुंची ह्यांच्या जोडीला दुपटी असत, ती ह्यासाठीच.

दुसरे कारण उबेचे आहे. अंगावरचे पांघरूण स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. ते शरीराची उष्णता बाहेर जाऊ देत नाही, एवढेच. हवा ही उष्णतेची मंदवाहक आहे. कापडाच्या दोन थरांमध्ये हवेचा पातळ थर अडकून राहतो आणि तोच शरीराची ऊब राखतो. म्हणून एका जाड सतरंजीपेक्षा चार-पाच पातळ थरांची गोधडी अधिक उबदार वाटते. मात्र हे थर जागच्या जागी राहिले पाहिजेत. ते सरकून एका कोपऱ्यात गोळा झाले, तर उरलेला भाग रिकामाच राहणार. गोधडीवरील टाके शोभेसाठी नसतात, ते ह्यासाठी असतात.

गोधडी शिवण्याचे काम सुईपासून सुरू होत नाही; ते निवडीपासून सुरू होते. घरातील सर्व जुनी वस्त्रे ओसरीवर काढून ठेवायची आणि एकेक उजेडाकडे धरून पाहायचे. लुगडे सगळीकडे सारखे झिजत नाही. बसण्याच्या जागी ते लवकर विरते. काठ आणि पदर मात्र पुष्कळ दिवस टिकतात. विरलेला भाग आत, म्हणजे गोधडीच्या पोटात जातो. धड असलेला भाग वर आणि खाली लागतो. फारच फाटके असेल, ते ठिगळांसाठी कापून ठेवतात. सर्वांत वर कोणते लुगडे घालावे, हा मात्र मोठा नाजूक प्रश्न असतो. ते पुढे अनेक वर्षे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर राहणार असते. म्हणून बहुधा घरातील वडीलधाऱ्या स्त्रीला विचारल्याशिवाय त्याचा निर्णय होत नसे.

माप काढण्यासाठी वेगळी पट्टी लागत नाही. नऊवारी लुगडे नऊ वार, म्हणजे सत्तावीस फूट लांब असते. त्याच्या चार घड्या केल्या, की पावणेसात फूट लांबीची चौघडी तयार होते. रुंदी सुमारे चार फूट असतेच. एक माणूस पाय पसरून निजेल, एवढे हे माप आहे. जणू लुगड्याची लांबी ठरवतानाच त्याच्या पुढच्या जन्माचा हिशेब कोणीतरी करून ठेवला असावा! चौघडी जमिनीवर ताणून पसरतात, तिच्या कोपऱ्यांवर पाट, वरवंटा अशा जड वस्तू ठेवतात, मध्ये धोतराचे आणि इतर कापडाचे तुकडे सारखे लावून घेतात आणि वर निवडलेले लुगडे घालतात. आधी मोठे, सैल टाके घालून सर्व थर एकत्र धरून ठेवायचे, मग काठाकडून मध्याकडे खरे शिवण सुरू करायचे.

हे शिवण म्हणजे साधा धावदोरा होय. सुई खाली, सुई वर. ह्याहून सोपा टाका शिवणकामात नाही. पण त्याची संख्या पाहावी. पावणेसात फूट लांब आणि चार फूट रुंद अशा गोधडीवर एकेक इंच अंतराने ओळी घातल्या, तर अठ्ठेचाळीस ओळी होतात. प्रत्येक ओळ एक्याऐंशी इंचांची. इंचाला तीन टाके धरले, तरी एका गोधडीत ११,६६४ टाके होतात, आणि ओळींची एकूण लांबी ३२४ फूट भरते! जाणत्या स्त्रिया ह्याहूनही जवळ ओळी घालतात. चार-पाच थरांतून सुई काढताना बोटाला घट्टे पडतात. अंगुस्तान असले तर ठीक, नसले तर बोटाला चिंधी गुंडाळून काम चालते. दोरा हातभरापेक्षा लांब घेऊ नये, नाहीतर त्याचा गुंता होतो. गाठ कधीही वर दिसू द्यायची नाही. ती थरांच्या आत लपवायची. ह्या गोष्टी कोणत्याही पुस्तकात लिहिलेल्या नसत. मुली शेजारी बसून त्या पाहत आणि शिकत.

एवढे काम एकटीच्या हातून होणे कठीण. शेतकरी नांगरणीसाठी किंवा कापणीसाठी एकमेकांना बैल आणि माणसे देतात, आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या; ह्या पद्धतीला सावड म्हणतात. गोधडीचीही अशीच सावड चाले. सुगी संपली, धान्य कणगीत गेले, म्हणजे फाल्गुनापासून वैशाखापर्यंत दुपारी थोडी उसंत मिळे. ऊन कडक असल्यामुळे धुतलेले कापड तासाभरात वाळे, आणि पावसाळा सुरू होण्यापूर्वी पांघरुणे तयार होत. ह्याच दिवसांत सासरी गेलेल्या लेकी माहेरी येत. खानदेशात अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात, आणि तो सण माहेरवाशिणींचाच मानला जातो. झोपाळे बांधले जातात, गाणी होतात. बालपणीच्या मैत्रिणी वर्षाने एकमेकींना भेटतात. पण त्या काळी केवळ गप्पा मारण्यासाठी बसणे हे घरच्या स्त्रीला परवडणारे नव्हते, आणि शोभणारेही मानले जात नसे. हातात सुई असली, म्हणजे मात्र कोणी काही बोलत नसे. गोधडीच्या चार बाजूंना चार जणी बसल्या, की कोणाचे सासर कसे आहे, कोणाच्या घरी दुखणे आहे, कोणाची गाय आटली, कोणाच्या मुलीचे ठरले, हे सर्व त्या अठ्ठेचाळीस ओळींबरोबर पुढे सरकत असे. जे दुःख सासूसमोर किंवा नवऱ्यासमोर बोलता येत नसे, ते मान खाली घालून, टाक्यावर नजर ठेवून सांगता येई. ऐकणारीही वर पाहत नसे. ह्यामुळे सांगणे सोपे जाई.

घाटावरील एका खेड्यात अशा चार मैत्रिणी होत्या. चौघीही त्या गावात सून म्हणून एकाच सुमारास आलेल्या. दर उन्हाळ्यात चौघींपैकी एकीच्या घरची गोधडी त्या सर्व जणी मिळून शिवीत; पाळी ठरलेली असे. चौघींचे टाके निराळे होते. एकीचा टाका तांदळाच्या दाण्याएवढा बारीक. दुसरीचा लांब आणि घाईचा. तिसरीची ओळ नेहमी थोडी डावीकडे झुकणारी. चौथीचा टाका फार मोठा नव्हे, फार लहानही नव्हे, पण ओळ मात्र ओळंबा सोडल्यासारखी सरळ. गावातील कोणतीही गोधडी उलगडून पाहिली, की कोणत्या बाजूला कोण बसली होती, हे त्या न चुकता सांगत.

एका पावसाळ्यात ती चौथी वारली. पुढचा उन्हाळा आला, आणि नेमकी पाळी तिच्याच घराची होती. तिच्या सुनेला ही सावड ठाऊक होती. पण सासू गेल्यावर त्या म्हाताऱ्या कशाला येतील, असे तिला वाटले. तिने कोणाला बोलावणे पाठवले नाही. एके दुपारी ती एकटीच सासूची लुगडी ओसरीवर पसरून बसली. कोणते वर घालावे हे तिला कळेना. इतक्यात अंगणात तिघींची चाहूल लागली. एकीच्या हातात सुयांची डबी होती, दुसरीने दोऱ्याची गुंडी आणली होती.

“मावशी, तुम्ही कशा आलात? मी तर कोणाला सांगितलंसुद्धा नव्हतं,” सून गडबडून म्हणाली.

“सांगायचं काय त्यात? यंदाची पाळी तुमच्याच घरची की नाही?” असे म्हणून तिघी आपापल्या बाजूला बसल्या.

चौथी बाजू रिकामी राहिली. थोडा वेळ कोणीच काही बोलले नाही. लुगड्यांत एक हिरव्या चौकड्यांचे लुगडे होते. ते मैत्रिणीच्या अंगावर तिघींनी कितीदा तरी पाहिले होते. ते पोटात घालावे की वर, ह्यावर थोडी बोलाचाली झाली. बारीक टाक्याची म्हणाली, “वर नको गं. रोज डोळ्यांसमोर दिसेल.” लांब टाक्याची म्हणाली, “दिसू दे की. आत घातलं म्हणजे काय विसरणार आहोत?” शेवटी निर्णय सुनेवर सोपवला गेला, कारण घर तिचे होते. तिने ते लुगडे वर घातले.

मग रिकाम्या बाजूचा प्रश्न आला. सून म्हणाली, “मी बसू का? पण मला आत्याबाईंसारखं सरळ येत नाही.” तिला कोणी उत्तर दिले नाही, नुसती सुई पुढे केली. तिच्या ओळी खरोखरच वाकड्या आल्या. एक टाका नखाएवढा, दुसरा बोटाएवढा. संध्याकाळी उठताना बारीक टाक्याच्या म्हातारीने ती बाजू पाहिली आणि सवयीने उसवण्यासाठी हात पुढे केला. उसवणे योग्यच होते, कारण लांब टाका धुण्यात तुटतो आणि तेथून पोट बाहेर येते. पण तिने फक्त दोन फार मोठे टाके काढले आणि सुनेला जवळ बसवून ते पुन्हा घालायला लावले. बाकीचे तसेच राहिले. पुढच्या पाळीला त्याच बाजूला तीच बसणार, हे त्या वेळी कोणी बोलून दाखवले नाही. पण पुढच्या उन्हाळ्यात दुसऱ्या घरची गोधडी पसरली गेली, तेव्हा सुनेला निरोप आला होता.

ठिगळे जोडून वस्त्र करण्याची ही रीत भारतात फार प्राचीन आहे. बौद्ध भिक्षूंचे चीवर टाकलेल्या वस्त्रांचे तुकडे जोडून केले जाई. त्याची रचना मगध देशातील शेतांच्या बांधांसारखी असावी, असे बुद्धांनी आनंदाला सुचविल्याची कथा विनयपिटकात आहे. संस्कृतात अशा वस्त्राला ‘कंथा’ म्हणतात. महाराष्ट्रात ह्या वस्त्राला सर्वांत मोठा मान मिळवून दिला तो गाडगे महाराजांनी. १८७६ ते १९५६ ह्या आपल्या आयुष्यातील बहुतेक काळ त्यांनी अंगावर चिंध्यांचे वस्त्र, एका हातात खापराचे गाडगे आणि दुसऱ्या हातात खराटा एवढ्याच साहित्यानिशी काढला. लोकांनी दिलेल्या पैशांतून त्यांनी धर्मशाळा बांधल्या, पण अंगावरचे ठिगळ बदलले नाही. त्यांना लोक गोधडेबुवा आणि चिंधेबुवा असेही म्हणत.

बंगालमध्ये कंथेचे ‘काँथा’ झाले, आणि तेथील स्त्रियांनी तिच्यावर कमळे, मासे, पालख्या आणि रथ उमटवले. त्यासाठी रंगीत दोराही विकत घेत नसत. जुन्या साडीच्या काठातून तो उसवून काढीत. जसीमउद्दीन ह्या कवीने १९२९ साली ‘नक्षी काँथार माठ’ नावाचे कथाकाव्य लिहिले. त्यात पती परागंदा झालेली एक खेड्यातील स्त्री आपली सारी जीवनकथा एका काँथावर भरते. बिहारमध्ये अशाच शिवणकामाला सुजनी म्हणतात, तर सिंध, कच्छ आणि राजस्थान ह्या भागांत रल्ली म्हणतात. आपल्या अगदी जवळ, कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात, आफ्रिकेतून आलेल्या पूर्वजांचे वंशज असलेले सिद्दी लोक राहतात. त्यांच्या स्त्रिया कवंदी शिवतात. त्या एका कोपऱ्यापासून आरंभ करून चारी कडांनी फिरत फिरत मध्याकडे येतात, आणि चार कोपऱ्यांवर घडी घातलेले त्रिकोणी तुकडे लावतात. त्यांना त्या ‘फुला’ म्हणतात. फुलांवाचून कवंदी पुरी झाली असे त्या मानीत नाहीत. महाराष्ट्रातील गोधडी ह्या सर्वांपेक्षा साधी आहे, हे मान्य केले पाहिजे. तिच्यावर चित्रे बहुधा नसतात. ठिगळांचे चौकोन आणि टाक्यांच्या ओळी, एवढेच तिचे सौंदर्य. पण ते टिकाऊ आहे.

गोधडी जीर्ण झाली, तरी तिचे काम संपत नाही. तिच्यावर नवे लुगडे चढवले, की ती नव्या गोधडीचे पोट होते. त्यामुळे कधी कधी एका गोधडीच्या आत दुसरी, तिच्या आत तिसरी, अशा दोन-तीन पिढ्यांच्या गोधड्या दडलेल्या असतात. अगदी जड झाली, की ती खाटेवर अंथरण्यास किंवा धान्य वाळवण्यास घेतात. शेवटी तिचे तुकडे पोतेऱ्यासाठी जातात.

आज ही सावड पुष्कळ गावांतून नाहीशी झाली आहे. नऊवारी लुगडे रोज नेसणाऱ्या स्त्रिया थोड्या उरल्या. रोजच्या वापरातील पुष्कळशा साड्या पॉलिएस्टरच्या असतात. तो धागा घाम शोषत नाही आणि गुळगुळीत असल्यामुळे थर एकमेकांवरून घसरतात. त्याची गोधडी धड बसत नाही. गिरणीची ब्लँकेटे आणि सोलापूरच्या चादरी बाजारात सहज मिळतात, आणि कष्टकरी स्त्रीने अकरा हजार टाके घालण्याऐवजी ती घेतली, तर तिला दोष देता येणार नाही. त्या श्रमांना कोणी कधी मजुरी दिली नव्हती, हेही विसरता कामा नये.

तथापि गोधडी शिवून देणाऱ्या स्त्रिया शहरांतून अजूनही आढळतात. त्या दारोदार फिरून विचारतात, किंवा एखाद्या झाडाखाली आपले काम मांडून बसतात. त्यांच्याकडे येणारी पुष्कळ गिऱ्हाइके आईच्या किंवा आजीच्या सुती साड्या गाठोड्यात बांधून आणतात. त्या साड्या पेटीत तशाच पडून राहिलेल्या असतात. नेसायच्या नसतात आणि देऊन टाकणेही जिवावर येते. शिवणारी बाई गाठोडे सोडते, एकेक साडी उजेडाकडे धरून पाहते, विरलेले बाजूला काढते, मोल ठरवते. उरलेली धड लुगडी ती गिऱ्हाइकासमोर पसरते आणि सुईत दोरा ओवण्यापूर्वी विचारते, “ह्यांतलं कोणतं वर घालू?”